दस्तक कोणी द्यावे?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय पाठविला तो असा : जागतिकीकरण आणि विकसनशील देशांतील सरकारांची सत्ता. तो वाचून प्रथम वाटले, की दुसऱ्या कोणाचे पत्र चुकून माझ्याकडे आले. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचन झाले ते रात्री युनियनच्या कचेरीत, आणि त्याहून अधिक कामगार न्यायालयाच्या बाकावर, तारखेची वाट पाहताना. परंतु थोडा विचार करता लक्षात आले, की आपण ज्या किनाऱ्यावर राहतो त्याने हा प्रश्न पुस्तकांत छापला जाण्यापूर्वी चारपाचशे वर्षे पाहिलेला आहे. तेव्हा या किनाऱ्याची हकीकत सांगावी आणि तिच्यातून उत्तर निघते का ते पाहावे, असे मी ठरविले.

प्रश्न साधा आहे. परदेशचा व्यापारी आणि परदेशचे भांडवल दारात आले म्हणजे घरच्या सरकारच्या हातात काय उरते? सभांतून याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक असे, की सरकार आता नावापुरते राहिले. हुकूम जिनिव्हाहून आणि न्यूयॉर्कहून सुटतात, मंत्री फक्त सही करतात. मोर्चाला सामोरा येणारा अधिकारीही हेच सांगतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दुसरे उत्तर असे, की सरकारने मनात आणले तर कोणत्याही कंपनीला एका दिवसात गाशा गुंडाळावयास लावता येईल. इतिहास पाहू लागले म्हणजे दोन्ही उत्तरे लंगडी पडतात.

चौलापासून आरंभ करू. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतून हिंडताना हे एके काळी जगाला ठाऊक असलेले बंदर होते, हे सांगूनही खरे वाटत नाही. पंधराव्या शतकात निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा घेऊन येथे उतरला आणि पुढे जुन्नरास गेला. तेथल्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला, आणि धर्म बदललास तर घोडा परत देतो असे सांगितले. एका खोरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून बिचाऱ्याचा घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. परदेशी व्यापारी म्हणजे जमिनीवरच्या अंमलदारापुढे हात जोडून उभा असलेला मनुष्य, असा तो काळ होता.

पुढच्या शंभर वर्षांच्या आतच हे चित्र उलटले. पोर्तुगीज तोफा घेऊन आले. १५२१ साली निजामशहाच्या परवानगीने त्यांनी चौलास किल्ला बांधावयास घेतला. परवानगी दिली ती शहानेच, आणि देण्याचे कारणही होते. त्याला समुद्रापलीकडचे घोडे हवे होते. परंतु पोर्तुगिजांचे खरे सामर्थ्य किल्ल्यात नव्हते, एका कागदात होते. त्याचे नाव कार्ताझ. हिंदी जहाज बंदरातून सुटावयाचे तर हा परवाना विकत घ्यावयाचा. त्यावर तांडेलाचे नाव, माणसे किती, माल कोणता, जावयाचे कोठे हे लिहावयाचे. मिरीसारखा माल वर्ज्य. आणि वाटेत त्यांच्या ठाण्यावर थांबून जकात भरावयाची. कागद नसेल तर जहाज आणि माल जप्त. अकबर बादशहाच्या काळी मक्केस जाणाऱ्या बादशाही जहाजांनादेखील हा कागद घ्यावा लागे. जमिनीवर लाखांची फौज बाळगणारा बादशहा, पण समुद्राच्या काठाशी त्याचा हुकूम संपत असे.

शिवाजी महाराजांनी हे ओळखले होते. आरमाराची गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे. एक लहान गोष्ट मात्र मला आरमाराइतकीच मोलाची वाटते, आणि ती मिठाची आहे. १६७१ साली महाराजांनी कुडाळ भागातील आपल्या अधिकाऱ्याला एक पत्र धाडले. गोव्याकडील बारदेशचे मीठ स्वस्त पडते, म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि आपल्या मुलखातील मीठ पडून राहते. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की ते आपल्या संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे, असा त्याचा आशय. आपली मिठागरे बुडाली तर मुलखाचे नुकसान, हा विचार. आजच्या भाषेत ही संरक्षक जकात होय. दिल्लीच्या तख्ताकडून राज्य राखण्यात गुंतलेला राजा मिठाच्या दरावर डोळा ठेवून होता, हे पेण-उरणच्या मिठागरांत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना तरी विसरता येणार नाही.

आता कान्होजी आंग्रे. कान्होजींनी पोर्तुगिजांचेच हत्यार उचलले. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही ठाणी त्यांच्याकडे. या पाण्यातून माल न्यावयाचा तर आमचे दस्तक घ्या, असा त्यांनी नियम घातला. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, आणि शाळेच्या पुस्तकांतून तो शब्द पुष्कळ वर्षे टिकला. भांडण काय होते ते मात्र नीट पाहिले पाहिजे. कंपनीचे म्हणणे असे, की आमच्या मालाला दस्तक नको. इतकेच नव्हे, तर आमचा परवाना घेतलेल्या हिंदी व्यापाऱ्याच्या जहाजालाही नको. याचा अर्थ, ज्याला आंग्र्यांची जकात चुकवावयाची त्याने इंग्रजांचा कागद घ्यावा. कान्होजींनी हे मानले नाही. पोर्तुगीज कागद विचारतो तेव्हा तो कायदा आणि आंग्रे विचारतो तेव्हा ती चाचेगिरी, हा न्याय त्यांना पटण्यासारखा नव्हता. १७१८ साली मुंबईच्या गव्हर्नराने खांदेरीवर आरमार पाठविले, ते परत गेले. १७२१ साली इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे आणि पोर्तुगिजांची फौज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आली, तीही हात हलवीत परतली. १७२९ साली कान्होजी वारले तोपर्यंत दस्तक चालू होते.

ते मोडले कोणी? इंग्रजांनी, हे अर्धे उत्तर झाले. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसले. तुळाजी काही साधुपुरुष नव्हते, आणि पेशव्यांच्या तक्रारीतही तथ्य होते. परंतु घरातला तंटा मिटविण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत मराठ्यांचे सर्वांत मोठे आरमार जळून गेले. किल्ला घेतला इंग्रजांनी. तो सोडविण्यासाठी पुढे बाणकोट त्यांना द्यावे लागले. त्यानंतर या किनाऱ्यावर कागद विचारणारे दुसरे कोणी राहिले नाही. ज्याला आपण परकीयांची ताकद म्हणतो तिच्यातला मोठा वाटा आपल्याच दरबाराने सही करून दिलेला असतो. हे वाक्य मी पुढे पुन्हा सांगणार नाही, पण पुढच्या हकीकती ऐकताना ते मनात असू द्यावे.

कंपनी सरकार झाली, तिच्यामागून राणीचे सरकार आले. १८४० च्या सुमारास आंग्र्यांचे संस्थानही खालसा झाले. या शंभर वर्षांविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण तेव्हा घरचे सरकार असे नव्हतेच. सरकार बलाढ्य होते, पण ते लंडनचे. मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाशी मँचेस्टरला स्पर्धा नको, म्हणून १८९६ पासून येथल्याच गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला गेला; तो १९२५ पर्यंत चालला. आपल्याच देशातील कारखान्याच्या मालावर परदेशी कारखानदाराच्या सोयीसाठी कर लावणारे सरकार म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण नाही. आणि मीठ? १९२३ साली कायदेमंडळाने नाकारले असतानाही व्हाइसरॉयने आपल्या अधिकारात मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपयांवर नेला. शिवाजी महाराजांची जकात परक्या मिठावर होती, हा कर आपल्या मिठावर. १९३० साली मिठासाठी देश उठला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आपल्या उरण तालुक्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे पडली.

स्वातंत्र्य आले. दस्तक आता आपल्या हातात, असे सर्वांना वाटले आणि ते खरेही होते. परदेशातून एखादे यंत्र आणावयाचे तर दिल्लीचा परवाना लागे. या काळाविषयी हल्ली केवळ थट्टेने बोलण्याची चाल पडली आहे. परवान्यांचा बाजार झाला हे खरे. पण खत, पोलाद, धरणे आणि बंदरे सरकारने उभी केली हेही तितकेच खरे. मला सांगावयाचे आहे ते निराळे. सरकार पूर्ण समर्थ असताना त्या सामर्थ्याचा अनुभव आपल्या किनाऱ्याला कसा आला?

१९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले. जमीन घेतली गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. इंग्रज गेला, त्याचा मिठाचा कर गेला, पण हा कायदा राहिला. पुढे न्हावा-शेवा बंदराची योजना आली. तिला जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. भातशेती, मिठागरे, खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांनी विचारले, की आमच्या जमिनीचे मोल कोण ठरविणार आणि विकासात आमचा वाटा कोणता? दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या वेळी जागतिक व्यापार संघटना जन्माला आलेली नव्हती आणि नवे आर्थिक धोरण सात वर्षे दूर होते. गोळी झाडण्याइतके सामर्थ्य सरकारात होते, भाव ठरविताना माणसाला विचारण्याइतके नव्हते.

त्या लढ्यातून जे निघाले तेही सांगितले पाहिजे. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यावयाची, हे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले आणि १९९० नंतर त्याचे शासननिर्णय निघाले. देशात इतरत्र भूसंपादनाची चर्चा निघते तेव्हा आजही लोक या तत्त्वाचा दाखला देतात. बंदराचे काम १९८९ साली सुरू झाले. बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. तोपर्यंत मागणी करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण हयात नव्हते. दि. बा. आदल्याच वर्षी गेले होते.

आता १९९१. परकीय चलन संपत आले, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण म्हणून विमानाने गेले. जुलैमध्ये नवे औद्योगिक धोरण आले. कर्ज देणाऱ्यांच्या अटी होत्या हे नाकारण्यात अर्थ नाही; सोने गहाण टाकणाऱ्याला घासाघीस फारशी करता येत नाही. जिनिव्हाचे दडपणही खोटे नव्हे. आयातीवरील संख्यात्मक बंधने अमेरिकेच्या तक्रारीवरून भारताला उठवावी लागली. १९९९ साली आपण तो खटला हरलो आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील बंधने गेली. परंतु जकात लावण्याचा अधिकार कबूल केलेल्या मर्यादेपर्यंत शिल्लक राहिला. म्हणजे १६७१ चे पत्र लिहिण्याची मुभा अजून आहे, लिहिणारा हवा.

याच काळातील एक प्रकरण पाहू. त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या हद्दीतून बाणकोटची खाडी ओलांडून थोडे दक्षिणेस जावे लागेल. गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ जो वीज प्रकल्प उभा राहिला त्याला नाव पडले पलीकडच्या तीरावरील दाभोळचे. एन्रॉन या अमेरिकन कंपनीची माणसे जून १९९२ मध्ये आली, आणि आल्यापासून पाच दिवसांच्या आत, २० जून रोजी, वीज मंडळाने समजुतीच्या करारावर सही केली. घर भाड्याने घेतानासुद्धा आपण दोनदा जाऊन नळाला पाणी येते का ते पाहतो. स्पर्धेच्या निविदा नाहीत. वीज घेतली नाही तरी ठरलेले पैसे द्यावयाचे. हिशेब डॉलरच्या भावाशी बांधलेला. आणि वीज मंडळाने पैसे चुकविले तर राज्य सरकारची हमी, त्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. गंमत अशी, की ज्या जागतिक बँकेला आपण सर्व दोष देतो, तिनेच १९९३ साली हा प्रकल्प परवडण्याजोगा नाही असे सांगून पैसे देण्याचे नाकारले होते. तेव्हा ही सही वॉशिंग्टनच्या दडपणाने झाली, हे म्हणणे कागदपत्रांशी जुळत नाही.

१९९५ साली राज्यात सत्तापालट झाला. नव्या सरकारने ३ ऑगस्ट रोजी प्रकल्प रद्द केला आणि कोकणात फटाके वाजले. कंपनीने लंडनमध्ये लवादाचा दावा लावला. काही महिन्यांतच त्याच सरकारने पुन्हा बोलणी केली, आणि प्रकल्प लहान होण्याऐवजी मोठा होऊन परत आला. गावकऱ्यांनी विरोध सुरू ठेवला तेव्हा त्यांच्यावर लाठ्या आणि अटका आल्या. १९९७ साली अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यावर अहवाल काढला. कंपनीपुढे नमणारे सरकार आणि वेलदूरच्या कोळणींवर पोलीस घालणारे सरकार ही दोन सरकारे नव्हती. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. पुढे युनिटचा भाव सात रुपयांच्याही वर गेला. अखेर मे २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणे बंद केले आणि प्रकल्प थांबला. डिसेंबरात खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर ठरली.

या प्रकरणातून आमचे काही मित्र असा बोध घेतात, की पाहा, सरकारने नाही म्हटले आणि कंपनी गेली. मला तो घाईचा वाटतो. १९९५ साली सरकारने नाही म्हटले तेव्हा करारातील हमी जिवंत होती, म्हणून ते टिकले नाही. २००१ साली नाही म्हटले तेव्हा मंडळाजवळ द्यावयास पैसेच उरले नव्हते. सत्ता खरोखर वापरावयाची वेळ होती ती जून १९९२ च्या त्या पाच दिवसांत.

पुन्हा आपल्या बंदराकडे येऊ. जुलै १९९७ मध्ये न्हावा-शेव्याच्या एका टर्मिनलचा ३० वर्षांचा ठेका पी अँड ओ या कंपनीच्या ऑस्ट्रेलियन शाखेला दिला गेला. देशातील खासगी कंटेनर टर्मिनलचा हा पहिला मोठा प्रयोग. पुढे २००६ साली मर्स्कच्या गटाचे टर्मिनल चालू झाले, २०१८ साली सिंगापूरच्या कंपनीचे. २०२२ साली बंदराने स्वतः चालविलेले अखेरचे कंटेनर टर्मिनलही ठेक्याने गेले. आता बंदर प्राधिकरण जागेचे मालक आहे आणि क्रेन चालविणारे दुसरे. माल मात्र वाढला, हे कबूल केले पाहिजे. २०२४-२५ साली वीस फुटी मापाने सत्तर लाखांहून अधिक कंटेनर येथून गेले-आले. जहाजे ताटकळत नाहीत. मी ज्या बंदराच्या फाटकाबाहेर घोषणा देतो ते वाईट चालते असे मी म्हणणार नाही.

परंतु २००६ सालची एक गोष्ट पाहा. दुबईच्या सरकारी मालकीच्या डीपी वर्ल्डने पी अँड ओ ही कंपनीच विकत घेतली. पी अँड ओकडे अमेरिकेतील काही बंदरांची टर्मिनले होती. तेथे केवढा गहजब झाला! काँग्रेसचे दोन्ही पक्ष उठले, राष्ट्राध्यक्ष सौद्याच्या बाजूने असूनही त्यांचे चालले नाही, आणि डीपी वर्ल्डला अमेरिकेतील टर्मिनले विकून टाकावी लागली. त्याच सौद्यात आपले न्हावा-शेव्याचे टर्मिनलही हातोहात गेले. येथे तसा गहजब झाला नाही. व्हावयास हवा होता की नाही, हा वेगळा प्रश्न. जगाला खुल्या व्यापाराचे धडे देणाऱ्या देशाने स्वतःच्या किनाऱ्यावर दस्तक विचारण्याचा हक्क सोडला नव्हता, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

खरे दडपण कोठून येते, तेही याच बंदराने दाखविले. जून २०१७ मध्ये युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका संगणकप्रणालीतून विषाणू पसरला. त्याने मर्स्कची यंत्रणा जगभर बंद पाडली, आणि येथे मर्स्कचे टर्मिनल ठप्प होऊन उरणच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगा लागल्या. त्या दिवशी दिल्लीचे मंत्री काय करू शकत होते? थोडेफार; माल दुसऱ्या टर्मिनलांकडे वळविणे, जागा मोकळी करून देणे. अशा ठिकाणी सत्ता खरोखर निसटलेली आहे, आणि ती निसटलेली नाही असे सांगणे म्हणजे लोकांना फसविणे होय.

आमच्या कामगारांच्या प्रश्नाची तऱ्हा मात्र वेगळी. फाटकावर काम करणारा पोरगा कंत्राटदाराचा नोकर. कंत्राटदार दुसऱ्या कंत्राटदाराचा. तो एका कंपनीचा, जिची कचेरी मुंबईत. आणि तिचा मालक परमुलखात. एका वाटाघाटीच्या बैठकीत आमच्या एका आगरी कार्यकर्त्याने टेबलावर हात ठेवून विचारले, “मंग आमचा मालक कोन हाय, ते त सांगा!” समोरच्या चार साहेबांनी एकमेकांकडे पाहिले. आम्ही हसलो, पण तो प्रश्न विनोदाचा नव्हता. कंत्राटी कामगारांचा कायदा तेव्हा १९७० चा होता. कंत्राट पद्धत बेकायदा ठरली तर कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात दिला. ऑगस्ट २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो फिरविला. कायदा तोच, शब्दही तेच. तेव्हा संसदेला कायद्यात एक वाक्य घालून कामगाराला पूर्वीचा हक्क देता आला असता. तसे करण्यास जगातील कोणत्याही संघटनेने मनाई केली नव्हती. ते वाक्य घातले गेले नाही, आणि पुढे मी कोणालाही जागतिकीकरणाने तुझी नोकरी गेली असे सांगताना थोडा थांबू लागलो.

आणखी एक हकीकत, आपल्याच पेण-उरणची. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला. उरण, पेण आणि पनवेल या तालुक्यांतील सुमारे दहा हजार हेक्टर जमिनीवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र उभे करण्याचा रिलायन्सचा बेत होता. जमीन घ्यावयाची ती त्याच १८९४ च्या कायद्याने. म्हणजे जागतिक बाजारासाठी राणीच्या राज्यातला कायदा आणि त्यामागे आपल्या सरकारचा तलाठी. हेटवणे धरणाचे पाणी ज्या शेतांना मिळावयाचे होते ती शेतेही यादीत होती. प्रा. एन. डी. पाटील आणि इतर नेत्यांच्या पाठीशी गावे उभी राहिली. तिकडे मार्च २००७ मध्ये बंगालात नंदीग्रामला गोळीबार झाला आणि दिल्ली हादरली. एप्रिलमध्ये केंद्राने क्षेत्राला पाच हजार हेक्टरांची मर्यादा घातली, आणि राज्यांनी यासाठी सक्तीचे संपादन करू नये असे ठरविले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण भागातील २२ गावांत सरकारी यंत्रणेने शेतकऱ्यांचे मत घेतले. सरकारने निकाल अधिकृतपणे जाहीर केला नाही. काय लागला असेल ते न जाहीर करण्यावरूनच कळते. संपादनाची कायदेशीर मुदत टळली आणि प्रकरण बारगळले.

देशातील मोठ्यातले मोठे भांडवल एका बाजूला होते, केंद्राचा कायदा त्याच्या बाजूला होता, आणि तरी ते झाले नाही. सरकार त्या दोन वर्षांत एकाएकी बलवान झाले नव्हते. त्याच्यावरचे ओझे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला गेले, एवढेच. या विजयाचेही फार ढोल वाजवू नयेत. त्या पट्ट्यातील जमिनी पुढे वेगवेगळ्या मार्गांनी विकल्या जातच राहिल्या आणि विकणारे आपलेच होते.

कोळी बांधवांचे मात्र राहून गेले. समुद्राचा सातबारा नसतो, म्हणून बंदरासाठी खाडी भरली तेव्हा त्यांची नुकसानभरपाई कोणाच्या हिशेबातच आली नाही. पारंपरिक मच्छिमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले, आणि २०१५ साली पुण्याच्या पीठाने १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. एखाद्या सार्वजनिक संस्थेने खाडीची किंमत मोजावी, असे येथे प्रथमच कोणी इतक्या स्पष्टपणे सांगितले. लवादही सरकारनेच, २०१० च्या कायद्याने निर्माण केलेला आहे, हे लक्षात घ्यावे.

आता शेवटची गोष्ट, आमच्या फाटकावरची. काही वर्षांपूर्वी एका कंटेनर यार्डात पगाराच्या फरकावरून तंटा झाला. यार्डाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एके सकाळी कंत्राटदाराच्या मुकादमाने साठ-सत्तर पोरांचे गेटपास काढून घेतले. काढून टाकल्याचे पत्र नाही, नोटीस नाही. फक्त पास नाही, आणि पासाशिवाय फाटकातून आत जाता येत नाही. आम्ही कंत्राटदाराकडे गेलो, त्याने कंपनीकडे बोट दाखविले. कंपनीने सांगितले, की धोरण परदेशातील मुख्य कचेरी ठरविते, आमच्या हातात काही नाही. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी कामगार खात्यातील एका तरुण अधिकाऱ्याने, आमच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या बुद्धीने, एक पानी पत्र लिहिले. पास कोणत्या अधिकाराने काढून घेतले याचा खुलासा मूळ मालक म्हणून तुम्ही दोन दिवसांत करावा, एवढाच मजकूर. पत्र मराठीत होते. परदेशच्या कचेरीने त्याचे भाषांतर करवून घेतले असावे, कारण उत्तर यावयास तीन दिवस लागले. नवव्या दिवशी सकाळी मुकादम पासांचा गठ्ठा घेऊन आला आणि एकेकाचे नाव पुकारून वाटू लागला.